दहाव्याला कबूल केलेला बेडूक

दर्यापूर,
मंगळवार, १९ मे

तीर्थस्वरूप चतुराबाई यांच्या चरणी खुशालरावाचा नमस्कार. वयाने तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण मैनाच्या थोरल्या बहीण म्हणून माझ्या अकडसासू, आणि सासूच्या पदाला वय नसतं, तेव्हा तीर्थस्वरूपच लिहिलं पाहिजे. तुमच्या गुडघ्यांची चौकशी आधी करतो, कारण ती न करणाऱ्याचं पुढचं तुम्ही ऐकत नाही. उजवा दुखतो की डावा, हे मला कधी पाठ झालं नाही; जो दुखत असेल त्याला आराम पडो. इकडचं विचाराल तर ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं आहे, मी दोन वेळा जेवतो, भात अजून खालून करपतो, आणि मंगळवारी-शुक्रवारी पहाटे पाचला आपोआप जाग येते. मैनाच्या डायलिसिसचे वार होते ते, अकोल्याची पहिली गाडी धरायची असायची. उठतो, तोंड धुतो, चपला घालतो, आणि मग लक्षात येतं की कुठे जायचं नाही. फोन न करता पत्र का, तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्रात तुम्हाला मध्ये तोंड घालता येत नाही, एवढीच काय ती सोय.

मुद्द्याचं म्हणजे, तुमच्यामुळे माझ्या गळ्यात एक बेडूक पडला आहे आणि गेल्या पंधरवड्यात तो मरायला टेकला होता. नदीवर काय झालं ते पुन्हा लिहितो (तुम्हाला आठवत असेल तरी लिहितो, कारण तुम्ही ते प्रत्येकाला वेगळं सांगता). फेब्रुवारीत मैनाचा दहावा. पिंड मांडून झाले आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून पंख साफ करत होता. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी एकेक करून कबुली द्यायची, की तुझं अमुक करू, तमुक करू. आमच्या अमोलनं आईला कबूल केलं की दर दिवाळीला पुण्याहून घरी येईन. कावळा हलला नाही (अमोलचा शब्द त्यालाही ठाऊक असावा). सूनबाई प्रणाली म्हणाली, लेकीला, आचलला, चांगलं मराठी लिहायला शिकवीन. मी गोदानाचं बोललो, माझ्या मोतीबिंदूचं बोललो, मैनाच्या अर्धवट राहिलेल्या गोधडीचंसुद्धा बोललो. ऊन चढलं, गुरुजींना अकोटला दुसरा दहावा होता, ते दर्भाचा कावळा वळायला बसले. बायकांनी नदीवर येऊ नये म्हणतात, पण तुम्ही आला होता आणि प्रणालीलाही घेऊन आला होता, तुम्हाला अडवायची कोणाची टाप नाही. तुम्ही मागून ओरडलात, "मैने, तुया बेडकाचं आमी पाहू वं." आणि तो कावळा बाभळीवरून उतरून सरळ पिंडावर आला. साठ माणसांनी पाहिलं. मग तेरवीचं जेवून तुम्ही अमरावतीला गेलात, अमोल-प्रणाली पुण्याला गेले, आणि 'आमी' म्हणजे कोण, हे मला त्या संध्याकाळी समजलं.

बेडूक तुम्ही पाहिलेला आहे. न्हाणीघरात आरशामागे राहायचा तोच, फिकट बदामी, बोटांच्या टोकांना गोल गाद्या असलेला, भिंतीला चिकटून बसणारा. मैनानं त्याचं नाव तहसीलदार ठेवलं होतं, कारण तो उंच जागी बसतो, डोळे अर्धे मिटलेले असतात, आणि काही विचारलं की नुसता गळा फुगवतो. मी त्याला तीनदा घराबाहेर टाकला, एकदा तर पार बसस्टँडच्या पलीकडे नेऊन. चौथ्या दिवशी साहेब आरशामागे हजर. शेवटचे चौदा महिने मैना अकोल्याहून आली की कूलरसमोर बाजेवर पडून राहायची, आणि दिवेलागणीला हा कूलरच्या जाळीवर येऊन बसायचा. दोघं एकमेकांकडे बघत राहायची. ती त्याच्याशी काहीतरी बोलायची, पण मी खोलीत गेलो की गप्प व्हायची.

आणि सोय लावायची कोणी, तर मी. कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परिचर म्हणून काढलेला माणूस. नाल्यातून पोतं भरून बेडूक आणायचे, क्लोरोफॉर्म द्यायचा, मेणाच्या ट्रेमध्ये चारी पाय टाचण्यांनी ताणून पोरांपुढे ठेवायचे, हा माझा धंदा. संध्याकाळी ताट वाढण्याआधी मैना विचारायची, आज किती? मी आकडा सांगायचो, ती देवाकडे बघून हात जोडायची, आणि मग भाजी वाढायची. पुढे ती चिरफाड बंद झाली, तेव्हा तिनं शेजारीपाजारी पेढे वाटले होते (मी सांगितलं की मला बढती मिळाली). तर बेडूक आतून मला तोंडपाठ आहे. काळीज कुठे, मूत्रपिंडं कुठे, अंधारात चाचपून दाखवीन. पण जिवंत बेडकाला घरात काय काय लागतं, याबद्दल माझं शिक्षण शून्य. आमच्याकडे आलेला बेडूक अर्ध्या तासाच्या वर कधी टिकलाच नाही.

पहिली चूक माशांच्या पेटीची. बेडूक म्हणजे पाणी, हे आपल्याला पहिलीपासून शिकवलेलं. अकोल्याला जाऊन काचेची तीन फुटी पेटी आणली, दुकानदारानं तिच्यासोबत निळे खडे आणि प्लास्टिकचा एक किल्ला दिला, मी ती काठोकाठ भरली आणि तहसीलदाराला आत सोडून वर जाळी लावली. तो एका उडीत जाळीला उलटा चिकटला तो उतरेना. मला वाटलं, नवी बदली आहे, रुळेल. मी त्याला भाताच्या पळीनं तीन वेळा खाली ढकललं. समोरच्या भागीरथाबाई रोज संध्याकाळी येऊन बघून जायच्या (सगळी गल्ली येते, नवसाच्या गणपतीला यावं तशी, कावळ्यापुढचा शब्द आहे, तो पाळला जातो की नाही हे बघणं त्यांना आपलं काम वाटतं). त्यांनी त्याच्यापुढे वरणभाताचा नैवेद्य ठेवला. तहसीलदारानं गळा फुगवला. शेवटी नात आचल, वय वर्षं तेरा, हिला पुण्याला व्हिडिओवर दाखवलं, तर ती रडायलाच लागली. म्हणाली, आबा, हा झाडावरचा बेडूक आहे, तुम्ही त्याला बुडवताय. मग तिनं मला वहीत लिहून घ्यायला लावलं, आणि मी घेतलं. पेटी रुंद नको, उंच हवी. चढायला फांद्या, लपायला कोपरा, वारं खेळतं, हवा ओलसर. पाणी नुसतं एका वाटीत, पण स्वच्छ. आणि खायला हलतं-फिरतं, जिवंत. जे हलत नाही ते त्याला दिसतच नाही म्हणे. (खऱ्या तहसीलदाराला टेबलाखालचंही दिसतं, तेव्हा या बाबतीत मैनानं ठेवलेलं नाव अगदीच बरोबर नव्हतं.)

उंच, वारा खेळता, आतून ओला. असं घर दर्यापुरात आयतं कुठे मिळणार, असा विचार करत मी बाजेवर पडलो होतो, आणि समोर मैनाचा कूलर उभा होता. चतुराबाई, हे काम मात्र मी मन लावून केलं. पंखा आणि त्याची मोटर काढली, पाण्याचा छोटा पंप ठेवला. तिन्ही बाजूंचं जुनं गवत फेकून नवं भरलं, आतून बारीक जाळी मारली, म्हणजे त्याचं बोट अडकायला नको. पंख्याच्या जागी काच बसवली. आत पेरूच्या दोन डहाळ्या तिरप्या लावल्या (आधी बाभळीच्या लावल्या होत्या, काटे सोलून, भागीरथाबाईंनी त्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला), एका कोपऱ्यात फुटका माठ आडवा ठेवला. तिन्ही बाजूंवरून पाणी झिरपत खाली येईल आणि गवत दिवसभर गार राहील, अशी पंपाची नळी फिरवली. काचेला एक दार ठेवलं आणि ते उघडंच ठेवलं, कारण आचल म्हणाली की कोंडायचं नाही, आवडलं तर राहील. संध्याकाळी दिव्याखालचे पतंग आणि मोरीतली झुरळं गल्लीतल्या बाया डब्यातून आणून देऊ लागल्या. तहसीलदार आत गेला, माठ बघितला, डहाळी बघितली आणि सर्वांत वरच्या कोपऱ्यात बसला. मी विहिरीचं पाणी भरून पंप सुरू केला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, आणि तिला दाखवावं म्हणून मी मागे वळूनसुद्धा बघितलं.

आठवडाभरात तो खंगला. कातडी कागदासारखी, मागचे पाय पोटाखाली ओढलेले, समोरून झुरळ गेलं तरी डोळा हलेना. मला वाटलं ऊन आहे, म्हणून मी पंप दुप्पट चालवला. जितकं पाणी चालवावं तितका तो वाळत चालला. मग एकदा गवताला हात लावला तर हाताला पांढरा चुरा लागला. जिभेवर ठेवला. मीठ. आमचा हा खारपाणपट्टा तुम्हाला नवा नाही, आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा इथला चहा प्यायलात तेव्हापासून तुम्ही त्याला नावं ठेवता. दिवसाला दोन बादल्या पाणी उन्हानं उडून जायचं, मीठ तेवढं मागे राहायचं, आणि त्याच टाकीत मी पुन्हा विहिरीचं ओतायचो. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीनं पितो. हे फळ्यावर लिहिलेलं मी एकतीस वर्षं रोज पुसत होतो. मी त्याच्यासाठी घर बांधलं नव्हतं, लोणच्याची बरणी बांधली होती.

भागीरथाबाईंना म्हटलं, मग इतकी वर्षं हा याच घरात जगला कसा? त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, थो वरच्या पान्यावर जगे. मैना बी तेच पेत होती. तुमच्या इहिरीच्या पान्यावर कोन जगते?" आणि मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथे टिनाच्या पन्हळीखाली एक निळा ड्रम आहे, त्याचं तोंड जुन्या लुगड्यानं बांधलेलं. तो मी रोज पाहत होतो. आमच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून ती पावसाचं धरून ठेवते, एवढंच मला ठाऊक. आत दोन बोटं पाणी उरलं होतं आणि त्यावर तिची स्टीलची वाटी तरंगत होती, तहसीलदाराची.

तुम्हाला हे सगळं माहीत असणार. बारा वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा मुतखड्याचा त्रास झाला तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी पाणी बदला. मी त्यांना ऐकवलं की विहीर माझ्या आज्यानं खोदलेली आहे आणि तो ब्याण्णव वर्षं जगला. त्याच आठवड्यात तुम्ही तुमची मागची खोली देऊ केलीत, दोघं अमरावतीला या म्हणालात, आणि मी भर पंगतीत म्हणालो की खुशालराव काही पाळीव जनावर नाही, कोणाच्या मागच्या खोलीत ठेवायला. लोक हसले, मैना वाढत होती, तिनं पुढच्या पानावर वांग्याची भाजी घातली. त्यानंतर ती माझ्या नकळत ड्रममधलं प्यायची, दिवाळीनंतर पुरवून पुरवून, आणि त्यातही वाटीभर त्या बेडकाला द्यायची. डायलिसिसच्या खोलीत एकदा तिथल्या पोरीनं मला सांगितलं होतं की एका वेळेला या मशीनला शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं. मी तेव्हा नुसती मान डोलावली. आता हिशेब लागतो, की ते मशीन तिच्यासाठी आठवड्याला जेवढं गोडं पाणी वापरत होतं तेवढं मी तिला त्रेचाळीस वर्षांत पाजलं नाही. हे मी कोणाला बोललो नव्हतो, तुम्हाला लिहितो आहे.

असो. बेडकाचं सांगत होतो. जारवाल्याकडून वीस लिटरचा जार आणला. जार थंडगार होता म्हणून गोड लागला. दुपारी कोमट झाला तेव्हा कळलं की त्याचं पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद पडलेलं आहे आणि तो बोअरचंच पाणी गार करून देतो. नळ बाराव्या दिवशी येतो, तो आला नाही. तेव्हा चौथ्या तारखेला मी दोन कॅन घेऊन एसटीनं अमरावतीला आलो. तुम्हाला भेटलो नाही, वेळ नव्हता. पाणी एका नळावर भरलं. कुठल्या, ते तितकंसं महत्त्वाचं नाही. परतीच्या गाडीत कंडक्टरनं कॅनकडे बघून विचारलं की गंगाजल आहे का. मी खरं ते सांगितलं, की बेडकासाठी गोडं पाणी नेतो आहे. त्यानं मला खिडकीजवळची जागा दिली आणि बाजूला कोणाला बसू दिलं नाही. घरी येऊन पाणी रात्रभर उघडं ठेवलं (औषधाचा वास उडतो, असं आचल सांगते), कूलर तीनदा धुतला, गवत बदललं, पंप बंद करून गवतावर नुसतं हातानं पाणी शिंपडायचं ठरवलं, आणि तहसीलदाराला तिच्या वाटीत बसवलं. दोन दिवस तो तसाच होता. मी वाटीजवळ बसून होतो, आणि एवढी भीती मला अकोल्यालाही वाटली नव्हती. तिथे डॉक्टर होते, दोष द्यायला कोणी तरी होतं. तिसऱ्या दिवशी तो वाटीतून निघून काचेवर चढला. चौथ्या दिवशी झुरळ खाल्लं. गल्लीत बातमी गेली, बाया बघून गेल्या.

पण कॅन संपत आले आहेत, आणि या वयात मला दर पंधरवड्याला चाळीस लिटर वाहून आणणं झेपत नाही. तेव्हा विनंती अशी की कबुली तुम्ही दिली होती, बेडूक तुमचा आहे. येत्या रविवारी एखादी छोटी मालवाहू गाडी ठरवून या आणि कूलरसकट तहसीलदाराला अमरावतीला घेऊन जा. तुमच्याकडे गोडं पाणी आहे, तिथे तो जगेल. मैनाला दिलेला शब्द पुरा होईल आणि मी मोकळा होईन. गुडघ्यांना जपा, आणि उत्तर लिहिताना माझ्या जुन्या बोलण्याचा उल्लेख केला नाहीत तरी चालेल.

आपला आज्ञेत कधीही न राहिलेला,
खुशालराव

ता. क. १ : कूलर अडीच फूट रुंद, अडीच फूट खोल, चार फूट उंच. तुमच्या मागच्या खोलीच्या न्हाणीत तो बरोबर बसेल. तिथली खिडकी उत्तरेची आहे, चार वाजेपर्यंत ऊन येत नाही, नळ गुडघ्याइतका आहे आणि खिडकीचा कट्टा तहसीलदाराला बसायला पुरेसा रुंद आहे. मला हे कसं माहीत, ते खाली येतं आहे.

ता. क. २ : त्या कावळ्याबद्दल. तुम्ही ओरडलात नेमक्या त्याच वेळी मीही बोललो होतो. मोठ्यानं नाही, मनात. म्हणालो, मैना, चाल, अमरावतीले राहू. कावळा कोणाच्या शब्दावर उतरला हे त्यालाच ठाऊक. साठ माणसांनी तुमचा शब्द ऐकला, माझा कोणी ऐकला नाही, आणि मी गप्प बसलो, कारण बेडकाची सोय लावणं सोपं वाटलं. आता तो बरा झाला आहे. दिवेलागणीला जाळीवर येऊन बसतो आणि माझ्याकडे बघतो.

ता. क. ३ : मागच्या खोलीची किल्ली तुम्ही बारा वर्षांपूर्वी मैनाच्या हातात कोंबली होती. मला वाटलं तिनं ती परत केली. तांदळाच्या डब्याच्या तळाशी सापडली, मी करपवत करपवत तळापर्यंत गेलो तेव्हा. चौथ्या तारखेला मी मागच्या गल्लीनं आलो, तुम्ही भजनाला गेला होता. मी जे बोललो होतो त्यानंतर तुम्ही कुलूप बदललं असणार, अशी माझी खात्री होती. किल्ली एका फेऱ्यात फिरली. आत झाडलेलं होतं, दोन बाजा होत्या, माठ धुऊन पालथा घातलेला होता. दोन्ही कॅन मी त्या न्हाणीतल्या नळावर भरले, आणि एक तांब्या भरून तिथेच उभ्या उभ्या प्यायलो. गोड आहे. रविवारी गाडी ठरवाल तेव्हा कूलरखेरीज एका माणसाची जागा ठेवा. पाळीव आहे, त्रास देणार नाही. तोवर कुलूप बदलू नका.